सामायिक ड्राइव्हवरील फायली दिसेनाशा होतात तेव्हा

नांदेड आणि लातूर येथील करसल्लागारांची कार्यालये, मोंढ्यातील आडत दुकाने, छापखाने, शिकवणी वर्ग आणि तालुक्याच्या ठिकाणची लहानमोठी कार्यालये यांची संगणकांपुरती रचना पुष्कळशी सारखी असते. चार ते वीस संगणक, एक राउटर आणि सर्वांनी मिळून वापरायच्या फायलींची एक हार्ड डिस्क एवढा तिचा पसारा असतो. ही डिस्क बहुधा ‘मेन मशीन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एखाद्या साध्याच संगणकात असते, तर क्वचित नॅस नावाच्या स्वतंत्र साठवण-पेटीत बसवलेली असते. त्या डिस्कवरील फोल्डर नेटवर्कवरून इतरांसाठी खुला केला की त्यास शेअर म्हणतात, आणि तो शेअर दुसऱ्या संगणकावर झेड किंवा वाय अशा एखाद्या अक्षराला जोडून घेतला की त्यास मॅप केलेला ड्राइव्ह म्हणतात. या व्यवस्थेत बिघाड झाला की तक्रार येते ती ‘फायली उडाल्या’ या शब्दांत. प्रत्यक्षात बहुतेक प्रसंगी फायली जागच्या जागी असतात आणि अडलेले असते ते केवळ त्यांचे दिसणे.

हे दिसणे ज्याच्यावर अवलंबून असते तो फाइल एक्सप्लोरर, म्हणजे फोल्डर उघडून दाखवणारी खिडकी, नेटवर्कवरील फायली स्वतःजवळ बाळगत नाही. तो प्रथम मेन मशीन शोधतो, त्यास आपली ओळख पटवतो, फोल्डरातील नावांची यादी मागवतो, आलेली यादी काही सेकंद लक्षात ठेवतो आणि शेवटी त्या नावांवर चिन्हे व लघुचित्रे चढवून ती पडद्यावर मांडतो. दोष यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवण्यापूर्वीच विंडोज नव्याने टाकण्याचा जो उपाय सर्रास केला जातो, तो खर्चिक तर असतोच, शिवाय अनेकदा चुकीच्या यंत्रावर केलेला असतो, कारण ज्या संगणकावर फायली दिसत नाहीत त्या संगणकात काहीच बिघडलेले नसण्याची शक्यता मोठी असते.

म्हणून पहिली तपासणी पत्ता हाताने लिहून करावी. एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा, मेन मशीनचे नाव, पुन्हा एक उलटी रेघ आणि शेअरचे नाव असा पत्ता, म्हणजे \\सर्व्हर\लेखा या धर्तीचा पत्ता, यंत्राला दिलेल्या रोमन अक्षरांतील नावांनी लिहून एंटर दाबावे. फोल्डर उघडला तर नेटवर्क आणि परवानगी ठीक असून बिघाड बहुधा डाव्या बाजूच्या ‘नेटवर्क’ यादीत किंवा मॅप केलेल्या अक्षरात आहे, असे समजावे. फोल्डर उघडला नाही तर तोच पत्ता यंत्राच्या नावाऐवजी त्याचा आयपी क्रमांक, म्हणजे राउटरने त्या यंत्रास दिलेला अंकी पत्ता, घालून लिहावा. क्रमांकाने उघडते आणि नावाने उघडत नाही असे आढळल्यास नावावरून क्रमांक शोधण्याची क्रिया अडलेली असते, आणि दोन्हींनी उघडत नसल्यास मेन मशीन चालू आहे काय, ते झोपेच्या अवस्थेत तर गेले नाही ना, वायर सैल झालेली नाही ना, येथून पाहणी करावी लागते. जेवणाच्या सुटीनंतर रोज ‘शेअरिंग बंद पडते’ अशी तक्रार असेल, तर मेन मशीनच्या वीजबचतीच्या सेटिंगमधील झोपेची मुदत काढून टाकणे एवढ्यावरच काम भागते.

‘नेटवर्क’ यादी रिकामी दिसण्यामागे एक इतिहास आहे. विंडोजमधील फायलींची देवाणघेवाण ज्या नियमावलीने होते तिला एसएमबी म्हणतात आणि तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातील आहे. शेजारची यंत्रे यादीत दाखवण्याचे काम त्या काळी ‘कंप्युटर ब्राउझर’ नावाची सेवा करीत असे आणि ती सेवा याच पहिल्या आवृत्तीवर उभी होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने त्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन जगभरातील संगणक वेठीस धरले, आणि त्याच वर्षीच्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून नव्या स्थापनेत पहिली एसएमबी दिली जाईनाशी झाली. तिच्याबरोबर जुनी यादीही गेली. आता तिच्या जागी यंत्राने स्वतःची हाक नेटवर्कवर देण्याची पद्धत आहे आणि ती हाक ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ या सेवेकडून दिली जाते. ज्या यंत्रावर शेअर आहे त्या यंत्रात ही सेवा आपोआप सुरू होईल अशी लावून ठेवली, की ते यंत्र इतरांच्या यादीत सहसा परत येते. उपाय दिसत नसलेल्या यंत्रावर करायचा असतो, पाहणाऱ्या यंत्रावर नव्हे, ही गोष्ट येथे नेमकी विसरली जाते.

यादी परत मिळावी म्हणून पहिली एसएमबी पुन्हा चालू करण्याचा सल्ला दुकानांतून अजूनही दिला जातो. तो मानू नये. एखाद्या छापखान्यात विंडोज एक्सपीवर चालणारे जुने यंत्र असते, त्यास दुसरी कोणतीच आवृत्ती कळत नाही, आणि मग त्या एका यंत्राखातर सगळ्या कार्यालयाचे दार उघडे ठेवले जाते. अशा यंत्राकडे फायली पेनड्राइव्हने नेणे गैरसोयीचे खरे, पण पहिली एसएमबी चालू ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

मराठवाड्यात या यादीचा आणखी एक शत्रू म्हणजे वारंवार जाणारी वीज. लाइट येते तेव्हा राउटर आणि संगणक एकदमच चालू होतात, राउटर नव्याने आयपी क्रमांक वाटतो, मेन मशीनला कालचा क्रमांक मिळेलच असे नसते, आणि क्वचित विंडोजला हे नेटवर्क अनोळखी वाटून ते त्यास ‘पब्लिक’, म्हणजे रेल्वे स्थानकावरील वायफायसारखे परके, समजते. परक्या नेटवर्कात विंडोज स्वतःस लपवते आणि इतरांनाही शोधत नाही. म्हणून वीज जाऊन आल्यानंतरच्या तक्रारीत नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ आहे काय हे आधी पाहावे. मेन मशीनचा आयपी क्रमांक राउटरच्या सेटिंगमध्ये कायमचा राखून ठेवावा, आणि मेन मशीनइतकेच राउटर आणि स्विच यांनाही यूपीएसवर घ्यावे. संगणकाला यूपीएस देऊन राउटर भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये सोडून देण्याची जी पद्धत सर्वत्र दिसते, तिच्यामुळे यूपीएसचा अर्धा उपयोग वाया जातो.

सकाळी संगणक चालू करताच मॅप केलेल्या ड्राइव्हवर तांबडी फुली दिसते, पण त्यावर दोनदा क्लिक केले की तो निमूटपणे उघडतो, असा प्रकार घडतो तेव्हा विंडोजमध्ये प्रवेश आधी झालेला असतो आणि वायफाय नंतर जोडले गेलेले असते. अशी फुली निरुपद्रवी असते. दुपारी काम थांबल्यावर येणाऱ्या फुलीचे कारण वेगळे आहे. शेअर देणारे विंडोज यंत्र निष्क्रिय जोडणी मूळ सेटिंगनुसार १५ मिनिटांनी सोडून देते आणि पुढच्या वापराबरोबर ती पुन्हा जोडते. हिशेबाचा एखादा प्रोग्राम एवढ्यानेही ‘डेटा सापडत नाही’ असे म्हणून बंद पडत असेल, तरच ही मुदत मेन मशीनवर वाढवावी. ड्राइव्ह एक्सप्लोररमध्ये दिसतो, पण ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडलेल्या प्रोग्रामला मात्र तो दिसत नाही, ही आडत दुकानांतील हिशेबनिसांची नेहमीची अडचणही येथेच सांगितली पाहिजे. विंडोज त्याच माणसाचे साधे आणि प्रशासकीय असे दोन प्रवेश वेगळे मानते, आणि एकात जोडलेले अक्षर दुसऱ्यात आपोआप जात नाही. प्रोग्राम साध्या रीतीने उघडावा किंवा त्याच्या सेटिंगमध्ये झेड या अक्षराऐवजी पूर्ण नेटवर्क पत्ता द्यावा.

ओळख पटवण्याच्या टप्प्यावरील दोष संख्येने थोडे असले तरी चिवट असतात. मेन मशीनवर रोज चार आकडी पिनने प्रवेश केला जातो, म्हणून नेटवर्कने पासवर्ड विचारल्यावर तोच पिन घातला जातो. परंतु पिन त्या एका यंत्रापुरताच असतो आणि नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्डच लागतो. खात्यास पासवर्डच नसेल तरीही प्रवेश मिळत नाही, कारण कोऱ्या पासवर्डच्या खात्याने केवळ समोर बसून काम करता यावे असा विंडोजचा मूळ नियम आहे. पासवर्डची कटकट नको म्हणून शेअर ‘एव्हरीवन’ला खुला करून पाहुण्यासारखा प्रवेश देण्याची युक्तीही आता चालेनाशी झाली आहे. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत, प्रो प्रकारच्या स्थापनेतही, पाहुणा प्रवेश मूळ सेटिंगनुसार बंद आहे आणि प्रत्येक संदेशावर सही, म्हणजे तो वाटेत बदललेला नाही याची गणिती खूण, मागितली जाते. पाहुण्याजवळ पासवर्ड नसल्याने ही खूण तयार करता येत नाही. कार्यालयातील एकच संगणक नवा घेतला आणि नेमका त्यावरच शेअर उघडत नाही, या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते. त्यावर मेन मशीनवर पासवर्डसह एक वेगळे खाते काढून तेच सर्व संगणकांवर वापरणे हा सरळ मार्ग आहे. पासवर्ड बदलल्यावर जुना पासवर्ड प्रत्येक संगणकाच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये, म्हणजे विंडोजच्या पासवर्ड-कपाटात, पडून राहतो, तो तेथून काढून टाकावा लागतो.

शिकवणी वर्गांच्या संगणक कक्षात तीस यंत्रे असतात आणि मेन मशीनवर साधे विंडोज असते. अशा विंडोजला एका वेळी २० पेक्षा अधिक यंत्रांच्या जोडण्या घेता येत नाहीत, त्यामुळे उशिरा आलेल्या यंत्रांना शेअर उघडत नाही आणि कालचे चालू यंत्र आज बंद, आजचे उद्या चालू, असा लपंडाव सुरू होतो. येथे दुरुस्ती करण्यासारखे काही नसते. नॅस किंवा खरी सर्व्हर प्रणाली घेणे हाच उपाय आहे.

यादी येते पण जुनी येते, किंवा येता येता चहा होतो, हा पुढचा गट. एका टेबलावर जतन केलेली फाइल दुसऱ्या टेबलावर लगेच दिसत नाही, कारण एक्सप्लोररच्या खालचा एसएमबी घटक आलेली यादी सुमारे १० सेकंद आणि ‘अमुक नावाची फाइल नाही’ हे उत्तर ५ सेकंद जपून ठेवतो, जेणेकरून तीच विचारणा पुन्हा पुन्हा करावी लागू नये. एफ-५ दाबल्यावर किंवा थोडे थांबल्यावर फाइल दिसली तर तो दोष मानू नये. फाइल तासाभरानेही दिसत नसेल, तर त्या फोल्डरसाठी ‘ऑफलाइन फाइल्स’ ही सोय चालू असून संगणक स्वतःजवळची जुनी प्रत दाखवीत आहे काय, हे तपासावे.

संथपणाचे मूळ मात्र बहुधा लघुचित्रांत असते. लातूरच्या शिकवणी वर्गांत दर आठवड्याच्या चाचणीच्या ओएमआर उत्तरपत्रिका स्कॅन होऊन एकाच फोल्डरात हजारोंनी साठतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी मोडी आणि उर्दूतील जुन्या कागदपत्रांचे जे स्कॅनिंग मराठवाड्यात झाले, त्यातही अशाच जड प्रतिमांचे ढीग तयार झाले. असा फोल्डर ‘लार्ज आयकॉन्स’मध्ये उघडला की प्रत्येक लघुचित्रासाठी मूळ प्रतिमा नेटवर्कवरून ओढली जाते आणि वरच्या पट्टीतील हिरवी रेघ मुंगीच्या पावलाने सरकते. त्या फोल्डराच्या गुणधर्मांतील ‘कस्टमाइज’ या भागात त्याचा प्रकार ‘जनरल आयटम्स’ करावा, दृश्य ‘डिटेल्स’वर ठेवावे, आणि फोल्डर ऑप्शन्समधील ‘लघुचित्रांऐवजी नेहमी चिन्हे दाखवा’ या अर्थाचा पर्याय निवडावा. विंडोज अशा नेटवर्क फोल्डरात थम्ब्स-डीबी नावाची लपलेली फाइलही करून ठेवते आणि ती कुणाच्या तरी एक्सप्लोररने धरून ठेवल्यामुळे रिकामा फोल्डरसुद्धा ‘वापरात आहे’ असे सांगून पुसू देत नाही. कार्यालयाच्या सर्व संगणकांवर गटधोरणातून तिची निर्मिती बंद करणे श्रेयस्कर. एक्सप्लोरर कोणताही फोल्डर उघडताना अडखळत असेल, तर ‘क्विक ॲक्सेस’मध्ये टाचून ठेवलेला एखादा बंद पडलेल्या यंत्राचा पत्ता काढून टाकावा.

येथवरचे दोष कोणत्याही गावी सारखेच आढळतील. मराठीतून काम करणाऱ्या कार्यालयांचा खास दोष फायलींच्या नावांत असतो आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

संगणक देवनागरीतील प्रत्येक चिन्ह स्वतंत्रपणे साठवतो. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द वाचणाऱ्यास पाच अक्षरांचा वाटला, तरी मात्रा, हलन्त आणि अनुस्वार धरून त्यात ११ चिन्हे आहेत. विंडोज नावाची लांबी चिन्हांवर मोजते आणि एका नावात २५५ चिन्हे चालू देते. नॅस पेट्या मात्र बहुतेक लिनक्सवर चालतात, तेथे मर्यादा २५५ बाइटची असते, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे लिनक्सवर देवनागरी नावाला ८५ चिन्हांच्या आसपासच जागा उरते. पत्राची संपूर्ण विषय-ओळ फाइलीस देण्याची आपल्याकडील सवय येथे नडते. ‘शिरूर अनंतपाळ तालुक्यातील खरीप हंगामातील अतिवृष्टीबाधित शेतकऱ्यांची गावनिहाय अंतिम यादी मंजुरीसाठी सादर करणेबाबत’ हे नाव मधल्या जागा धरून ३१२ बाइटचे होते. ते विंडोजवर सुखाने नांदते आणि नॅसवर नक्कल करताना अडते. तेच नाव ‘यादी’ या शब्दापाशी थांबवले तर २४३ बाइट होतात आणि शेवटचे फाइल-प्रकाराचे शेपूट धरूनही ते मावते. शंभर फायलींपैकी नेमक्या सात-आठच नॅसवर पोहोचल्या नाहीत असे दिसले, की प्रथम त्यांच्या नावांची लांबी पाहावी.

‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील ‘ऱ्य’ आणखी एक घोटाळा करतो. हा जोड दोन रीतींनी लिहिला जातो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त असतो, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’साठी वेगळी कळ आहे, परंतु जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी काही साधने दुसरी रीत वापरतात. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ती दोन भिन्न नावे आहेत. परिणामी एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली दिसतात, किंवा समोर दिसणारी फाइल शोधखिडकीत नाव लिहून सापडत नाही. सातबाऱ्याच्या, दुसऱ्या हप्त्याच्या किंवा शेतकऱ्यांच्या याद्या ठेवणाऱ्या कोणत्याही कार्यालयात हा प्रकार घडू शकतो. शोधताना ‘शेतक’ एवढेच लिहावे आणि सापडलेल्या फायलीचे नाव एकाच कळफलकाने पुन्हा टंकावे.

जुन्या फाँटचा दुसरा त्रास अधिक उघड असतो. श्रीलिपीसारख्या पद्धतीतील जुन्या फाँटमध्ये मराठी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. अशा दस्तऐवजातील मथळा उचलून फाइलीच्या नावात चिकटवला की एक्सप्लोरर त्यास आपल्या नेहमीच्या फाँटमध्ये दाखवतो आणि नावाच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हांचा गिचका उमटतो. फाइल बिघडलेली नसते, नाव तेवढे युनिकोडमध्ये पुन्हा लिहावे. ‘जि. प.’ किंवा ‘ग्रा. पं.’ असे टिंबाने संपणारे फोल्डर-नावही टाळावे, कारण विंडोजला नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा चालत नाही. मोबाइल ॲपमधून किंवा लिनक्सवरून नॅसवर असा फोल्डर केला गेला, तर विंडोजमध्ये तो तुटक अक्षरे आणि नागमोडी रेघ असलेल्या परक्या नावाने दिसतो. २०२४/२५ अशा तिरक्या रेघेलाही विंडोजमधील नावांत स्थान नाही, तेथे आडवी रेघ घालावी.

नावांबरोबर पत्त्याच्या एकूण लांबीकडेही लक्ष ठेवावे लागते. अनेक प्रोग्राम अजूनही ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलीच्या नावापर्यंत २६० चिन्हांची जुनी मर्यादा पाळतात. झेड ड्राइव्ह एखाद्या खोल फोल्डरापासून मॅप केलेला असेल, तर त्या संगणकावर पत्ता आखूड भरतो आणि फाइल तयार होते. मेन मशीनवर बसणाऱ्यास मात्र तीच फाइल लांब मूळ पत्त्याने गाठावी लागते, म्हणून ती त्याला यादीत दिसते पण उघडत नाही.

नांदेडात देवनागरीच्या शेजारी उर्दूतील नावेही एकाच फोल्डरात नांदतात आणि तेथे दिसण्याचा एक निराळाच पेच पडतो. उर्दू उजवीकडून डावीकडे वाहते, आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. उर्दू नावापुढे वर्ष लिहिले की टंकताना शेवटी आलेले ते वर्ष पडद्यावर नावाच्या डाव्या बाजूस जाऊन बसते आणि पाहणाऱ्यास नावाची सुरुवात वर्षाने झाली आहे असे वाटते. साठवलेला क्रम बदललेला नसल्यामुळे एक्सप्लोरर अशा फायली वर्षाप्रमाणे न लावता उर्दू अक्षरांप्रमाणे लावतो. शाळांचे निकाल किंवा मतदार याद्या वर्षवार हव्या असल्यास नाव टंकताना वर्ष खरोखरच प्रथम लिहावे, त्यापुढे आडवी रेघ द्यावी आणि नंतर उर्दू मजकूर सुरू करावा.